निवड आणि श्रवण

मुलगी म्हणाली, "बाबा, मोबाइल असताना रेडिओ कशाला?" पण मोबाइलवर मी ऐकत नाही, निवडत बसतो. अभंगाचं धृपद संपायच्या आत अंगठा पुढे सरकतो. म्हणून रामवाडीच्या घरात टेबलावर वायफायचा रेडिओ आणला. हट्ट एकच धरला, ठरलेल्या स्टेशनांसाठी हाताला लागतील अशा कळा हव्यात.

प्रल्हादाने सांगितलेल्या नऊ भक्तींत श्रवण पहिलं. समर्थांनीही दासबोधाचा चौथा दशक तिथूनच सुरू केला. मला वाटतं, निवड सोडून दिल्याशिवाय श्रवण होत नाही. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक गीत, एकूण 56. पुढचं आधी ऐकायची सोय नव्हती. अख्खा महाराष्ट्र एकाच वेळी थांबत होता, आणि त्या थांबण्यातच अर्धी भक्ती होती.

आता हजारो स्टेशनं आहेत. आवाज आधी साठवून मग वाजतो, त्यामुळे शेजारच्या जुन्या रेडिओवरच्या बातम्या माझ्याकडे काही सेकंद उशिरा पोचतात. त्याचं मला काही वाटत नाही. स्टेशनांची यादी मात्र परक्याच्या सर्व्हरवर असते, ही खरी काळजी. 2021 मध्ये अशी यादी पुरवणारी रेसिव्हाची सेवा बंद झाली, तेव्हा जगभरातल्या कितीतरी धडधाकट रेडिओंची स्टेशनं गेली.

पहिल्या कळेवर आकाशवाणीची अस्मिता वाहिनी आहे. सकाळी ती दाबतो आणि न आवडणारं भक्तिगीत लागलं, तरी संपेपर्यंत हात लावत नाही.