कच्च्या केळ्याची भाजी

जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीची २२ टन केळी दुबईला रवाना झाली. २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही जळगावची केळी. त्या वेळच्या सरकारी पत्रकात तिची ओळख होती, तंतुमय पदार्थांनी आणि खनिजांनी समृद्ध. दुबईच्या गिऱ्हाइकाला ही ओळख करून द्यावी लागते, हे समजण्यासारखं आहे. पण ज्या तापीकाठी ओट्यावरून बाग दिसते, तिथेही केळी म्हटलं की उपासाचं फळ, शिकरण, नाहीतर वेफर्स एवढंच आठवतं. कढईत भाजी म्हणून ती क्वचितच पडते.

आरोग्याच्या गप्पांत हल्ली केळ्यापेक्षा फणसाला मोठा मान आहे, आणि तो विनाकारण नाही. केरळने २०१८ मध्ये फणसाला राज्यफळ केलं. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलमला ४० मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्या रुग्णांनी रोजच्या जेवणातलं थोडं तांदूळ-गव्हाचं पीठ वगळून त्याऐवजी कच्च्या फणसाचं ३० ग्रॅम पीठ घेतलं, सलग बारा आठवडे. औषधं चालूच होती. त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर उरलेल्या निम्म्यांपेक्षा अधिक उतरली. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान आहे, तेव्हा त्यावरून औषध सोडण्याचा विचार कुणी करू नये. पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. गुण दिसला तो कच्च्या फणसाच्या पिठाचा, पिकल्या गोड गऱ्यांचा नव्हे.

खान्देशच्या कोरड्या उन्हात फणस रुजत नाही, तो कोकणचा. मात्र पिकल्या फळाचे आकडे शेजारी ठेवले तर केळी फारशी मागे नाही. १०० ग्रॅम गऱ्यांत साधारण ९५ कॅलरी, केळ्यात ८९. पिष्ट आणि साखर मिळून दोन्हींत सुमारे २३ ग्रॅम. पोटॅशियम फणसात साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास, केळ्यात साडेतीनशेच्या. क जीवनसत्त्वात फणस पुढे, तंतूंत केळी पुढे, ब-६ दोघांतही चांगलं. मोठ्या माणसाला दिवसाला किमान ३,५१० मिलिग्रॅम पोटॅशियम मिळावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे एका केळ्यातून दहावा हिस्सा मिळतो. रक्तदाबाला त्याचा हातभार लागतो खरा, पण ताटात डाळ आणि पालेभाजी हवीच.

केळ्याची खरी गंमत मात्र हिरव्या सालीखाली आहे. कच्च्या केळ्याचा गर बहुतांशी पिष्टाचा. पिकताना ते पिष्ट साखरेत उतरतं, आणि पूर्ण पिकलेल्या फळात जेमतेम एक-दोन टक्के उरतं. कच्च्यातल्या या पिष्टाचा बराच भाग लहान आतड्यात पचत नाही. तो मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले उपकारक जिवाणू त्यावर जगतात आणि आतड्याच्या अस्तराला पोसणारी आम्लं तयार करतात. जेवणानंतर साखर एकदम उसळत नाही, ती यामुळेच. शिजवल्यावर हा गुण बराच घटतो, तरी पुरता जात नाही. ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्रात २००१ च्या सुमारास जुनाट जुलाबाने बेजार झालेल्या तान्ह्या मुलांना तांदळाच्या पेजेत शिजवलेलं कच्चं केळं कालवून दिलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यातली निम्म्याहून जास्त मुलं बरी झाली. नुसत्या पेजेवरच्या मुलांत हे प्रमाण फारच कमी होतं.

आणि हे कच्चं केळं खान्देशात कुठे मिळत नाही? सावदा, फैजपूर, चोपडा, धुळे जिल्ह्यातलं शिरपूर, इथून उत्तर भारताकडे जाणाऱ्या ट्रकांत भरला जातो तो हिरवाच घड. भाव निघतात नवतीचे म्हणजे नव्या लागवडीचे, पिलबागेचे म्हणजे खोडव्याचे, आणि वापसीचे. वापसी म्हणजे प्रतवारीत मागे पडलेला माल. फणी वेडीवाकडी, सालीवर डाग, आकार लहान. आतल्या गराला त्याचं काही नसतं. भाव पडला की हाच माल गुरांपुढे किंवा बांधावर जातो. ज्याने अठरा महिने नाही तरी वर्षभर पाणी देऊन बाग जगवली, त्याच्यासाठी हे पाहणं फार जड असतं.

भाजी अवघड नाही. बोटांना तेल लावायचं, कारण चीक हात काळे करतो. जाड साल काढून फोडी हळदीच्या पाण्यात टाकायच्या, म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत. मग नेहमीच्या काळ्या मसाल्याच्या रश्श्यात बटाट्याच्या जागी त्या सोडायच्या आणि बोटचेप्या होताच उतरवायच्या. फार शिजल्या की लगदा होतो. कळण्याच्या भाकरीबरोबर ही भाजी छान लागते. वेफर्सही कच्च्या केळ्याचेच, पण ते तेलात तळून मीठ लावलेले असतात. त्यांना या भाजीच्या पंगतीत बसवता येणार नाही.

पथ्य दोघांनी पाळायचं. मूत्रपिंडाचा आजार ज्यांना आहे त्यांच्या अंगात पोटॅशियम साठतं, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय केळी खाऊ नये. मधुमेह असेल तर फार पिकलेली, साल काळी पडलेली केळी टाळावी.

सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांवर अमृत आहार योजनेत अंगणवाडीतल्या लहान मुलांना उकडलेलं अंडं मिळतं, आणि जे अंडं खात नाहीत त्यांना दोन केळी. अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं असतात, दोन केळ्यांत दोन ग्रॅमच्या आसपास. त्या मुलांच्या केळ्यासोबत मूठभर भाजलेले शेंगदाणे दिले, तर ही उणीव बरीचशी भरून निघते. आणि बाजारात वापसी म्हणून ज्याचा भाव पडतो, तो घड चोपडा-यावलच्या त्याच अंगणवाड्यांत डाळीत शिजवून मुलांच्या ताटात वाढता येईल. शेतापासून तिथवरचं अंतर एका रिक्षाच्या फेरीचं आहे.