चार फुटांचा एक तार

निवांत बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. भवानीनगरच्या कारखान्याकडं उसाच्या गाड्या चालल्या असतील तर जाऊ द्यात. बैलांच्या घुंगरांची लय आज कामाचीच आहे.

सदऱ्याच्या शिवणीतून एखादा दोरा सुटलेला असतो. तो चिमटीत धरा, ओढू नका. असं किती सूत या सदऱ्यात असेल? नजरेनं सांगता येत नाही.

ते फेऱ्यांनी मोजायचं. कातणाऱ्याचा, सूत गुंडाळायचा फाळका मनाशी आणा. त्याचा एक फेर चार फुटांचा, तोच एक तार. १६० तारांची लटी, चार लट्यांची गुंडी. म्हणजे ६४० फेरे, सुमारे ८५३ वार. गिरणीची लड ८४० वारांची. हाताची गुंडी तिच्यापेक्षा तेरा वारांनी लांब. मला हे तेरा वार फार आवडतात.

आता श्वासागणिक एक फेर. एक... दोन... तीन... सूत पुढं जातंय असं वाटतं, पण ते तिथंच गुंडाळलं जातंय. तीस-चाळिसाच्या आत मन उसाच्या बिलात शिरेल, आकडा निसटेल. निसटू द्या. पुन्हा एक.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसनं सभासदाची वर्गणी अशाच मोजलेल्या सुतात ठरवली: दरमहा २००० वार. दीड हजार तार! पुढच्याच वर्षी चार आण्यांचीही सोय झाली. देशप्रेम होतंच हो, पण बोटं स्वतःची असतात.

परत फाळक्याकडं या. त्याच्याच फेऱ्यांनी आता एक धोतर मोजू.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी उसाच्या गाड्यांच्या याच रस्त्यानं सणसरच्या मुक्कामाला येते. त्याआधी काटेवाडीला परीट मंडळी तिच्या वाटेत धोतरांच्या पायघड्या घालतात. त्यातलं एकच धोतर डोळ्यांपुढं ठेवा. समजा, पाच वार लांब, पन्नास इंच रुंद, इंचाला चाळीस उभे धागे. दोन हजार धागे, प्रत्येक पाच वारांचा. नुसतं उभं सूतच दहा हजार वार, जवळजवळ बारा गुंड्या. नऊ किलोमीटरांची वाट पाच वारांत अंथरलेली. आडवं सूत अजून धरलेलंच नाही.

त्यावरून पालखी जाऊ द्या. सावकाश.

चिमटीतला दोरा आहे ना अजून? तुम्ही कितव्या तारावर होता?