ओल्या मातीची पुडी

माझ्या टेबलाच्या खणात ओलसर पीटची एक पुडी आहे. तीत नोथोब्रँकियस फुर्झेरी या माशाची अंडी निजली आहेत. 1968 साली आजच्या झिंबाब्वेतील गोनारेझू अरण्यात हा मासा प्रथम हाती लागला. पावसाने भरणाऱ्या डबक्यांत तो राहतो. डबके आटले की मासे मरतात. अंडी मात्र चिखलात पुढच्या पावसाची वाट पाहतात. माझ्या काचपेटीतले पाणी कधी आटत नाही. तरी तिथेही तो चार-सहा महिन्यांत म्हातारा होतो.

गेल्या महिन्यात आमचा नर गेला. नात दोन दिवस रडली. आता तीच विचारते, "आजोबा, पाणी कधी घालायचं?"

भिंगातून पाहिले, तर अंड्यांत डोळे उमटले आहेत. तरी माझा हात अडतो. पाणी घातले की जन्म, आणि त्याच क्षणापासून मरणाची मोजणी! पण पुडीत ठेवलेली अंडीही कायमची टिकत नाहीत. मग मरण टाळण्यासाठी जन्मच अडवून धरणे, ही दया की माझी भीती?

शेवटी नराची पाठ वाकली होती, रंग उतरला होता. तरी मादी दिसली की तो पर फुलवी. आयुष्य तोकडे वाटत होते ते मला, त्याला नव्हे.

यंदा नरकचतुर्दशीला, अभ्यंगस्नान आटोपल्यावर, पुडी नातीच्या हातून पाण्यात सोडणार आहे. होळीच्या सुमारास ती पुन्हा रडेल. रडू दे.