हॉबसन-जॉबसन

हिवरखेडला उर्दू शाळेत मी इंग्रजी शिकवतो. जुने, वापरातून गेलेले इंग्रजी शब्द वहीत टिपून ठेवायची मला खोड आहे. मुले त्यांवर खूश असतात. पण वहीतला एक शब्द मी वर्गात अजून उच्चारलेला नाही: हॉबसन-जॉबसन.

ऐकायला गमतीचा. दोन इंग्रज भाऊ असावेत असे वाटते. प्रत्यक्षात ती 'या हसन! या हुसैन!' ही मोहरमच्या मिरवणुकीतली शोकाची हाक आहे. गोऱ्या शिपायांच्या कानी ती पडली आणि जिभेवर घोळत घोळत 'होसीन गोसीन', 'हॉसी गॉसी' करीत अखेर हॉबसन-जॉबसन झाली. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीचा कोश केला, तो १८८६ साली निघाला आणि त्याला त्यांनी हेच नाव दिले. कोशकार दोन, म्हणून नावही जोडीचे, हा यूलचा एक खुलासा. आत अर्थ दिला आहे: देशी लोकांचा जल्लोष, तमाशा, आणि खास करून मोहरम.

करबलेचा मातम म्हणजे तमाशा! पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. पण राग धरायचा कोणावर?

त्या शिपायावर धरता येत नाही. आपणही रिक्रूटचा रंगरूट केला, लॉर्डचा लाट केला. शिवाय खरे बोलायचे तर त्याने पाहिले काय? सवाऱ्यांपुढे ढोल-ताशे, नवसाने वाघ होऊन नाचणारी पोरे. आमच्यातल्या कित्येक बुजुर्गांनाही हे वाजवणे पसंत नसते. त्या गलक्यातून शोक तेवढा वेगळा ऐकणे परक्याला कसे साधावे?

यूलची गोष्ट वेगळी. मूळ हाक त्याला ठाऊक होती, त्याने ती कोशात नोंदवलीही आहे. त्याच्या काळच्या इंग्रजीत हॉबसन आणि जॉबसन ही गावंढळ, विदूषकी जोडीची नावे होती. एवढा विद्वान, पण ठाऊक असूनही त्याने तेच नाव मुखपृष्ठावर चढवले. अजाण माणसाची चूक आणि जाणत्याची थट्टा मला एका तराजूत घालता येत नाही. आणि तरी त्याने ती हाक लिहून ठेवली नसती, तर मला तरी या शब्दाचे मूळ कुठून कळले असते?

इथवर मी फिर्यादी होतो. पण आमच्याकडे कागदोपत्री 'अ. रहमान', 'शे. करीम', 'मो. युसूफ' असे लिहायची रीत आहे. 'अब्दुल' म्हणजे अमक्याचा बंदा. अब्दुल रहमान म्हणजे रहमानचा बंदा. पुढचे नाव तोडले की बंदा उरतो, पण कोणाचा ते जाते. हे मला पक्के ठाऊक आहे. तरीही वर्षानुवर्षे हजेरी घेताना मी नुसते 'अब्दुल!' म्हणून पुढे जात आलो. तास लहान, पट मोठा, ही सबब.

परवा पहिल्यांदा पूर्ण नाव घेतले. "अब्दुल रहमान." कोणी उठेना. दुसऱ्यांदा घेतले. तेव्हा शेजारच्या पोराने त्याला कोपर मारले, "अबे, तेरेकू बुला रहे सर."