विजयाचा पंखा

जन्मानं मिळालेला मान आणि जन्मानं मिळालेला कलंक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत काय? मी म्हणतो, नाहीत. दाखला जपानचा देतो.

काबुकी हे तिथलं नाटक. १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या बाईनं ते क्योतोत सुरू केलं. कामो नदीच्या वाळवंटात खेळ चालत. १६२९ साली सरकारनं बायकांना रंगमंचावरून हाकललं. पुढं पुरुषच बायकांची कामं करू लागले. नटांना लोक 'वाळवंटातले भिकारी' म्हणत. गर्दी करून खेळ बघायचा, पण नटाला माणसांत धरायचं नाही. ही रीत आपल्याला कुणी शिकवायला नको.

मेलेली जनावरं ओढणाऱ्या, कातडं कमावणाऱ्या लोकांना तिथं 'एता' म्हणत. अर्थ, अतिमलिन. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, त्यांचा प्रमुख दान्झाएमोन. त्याला अधिकार शोगुनच्या राज्यानंच दिलेला. नटांवरही तो हक्क सांगे. १७०८ साली एका बाहुलीवाल्याशी झालेल्या दाव्यात तो हरला आणि काबुकीचे नटही त्याच्या ताब्यातून सुटले. दुसरा इचिकावा दान्जुरो हा तेव्हाचा नावाजलेला नट. त्यानं त्या दाव्याची हकीकत उतरवून घेतली, तिला 'विजयाचा पंखा' असं नाव दिलं आणि घराण्याचा ठेवा म्हणून जपली.

विजय कुणावर? शोगुनवर? छे! आपल्यासारख्याच तुडवलेल्यावर. कुणी म्हणेल, मग काय दान्झाएमोनची ताबेदारी सोसायची होती? मुळीच नाही. जोखड फेकलं ते बरोबरच. पण त्या आनंदाचा अर्थ एवढाच होता की, 'आम्ही त्यांच्यातले नाही.' अतिमलिन कुणीच नसतं, हे म्हणायचं राहून गेलं. नट एक पायरी चढले. जिना तसाच राहिला. म्हणून तर १८४२ साली त्याच राज्यानं सातव्या दान्जुरोला चैन केली म्हणून एदोतून हद्दपार केलं.

१८७१ साली हुकूम निघाला, एता हा दर्जा रद्द झाला. १८८७ साली नवव्या दान्जुरोनं सम्राटासमोर काम केलं. वाळवंटातला भिकारी देशाचं भूषण झाला. आणि कातडं कमावणारा? १९७५ साली उघडकीस आलं की त्यांच्या वस्त्यांची यादी कंपन्या गुपचूप विकत घेत होत्या. नोकरीला कोण नको, ते ठरवायला.

आता रक्ताचं बघा. नवव्या दान्जुरोला मुलगा नव्हता. दहावा त्याचा जावई, त्यालाही नाव मेल्यावर मिळालं. अकरावा दत्तक. बांदो तामासाबुरो काबुकीच्या घरात जन्मलाच नाही, दत्तक गेला. २०१२ साली सरकारनं त्याला जिवंत राष्ट्रीय ठेवा ठरवलं. म्हणजे मानासाठी रक्त हवं तसं वाकतं. कलंकासाठी मात्र आज्या-पणज्याची वस्ती हुडकून काढतात.

२०२२ साली तेराव्या दान्जुरोनं ते नाव घेतलं. लहानपणापासून घाम गाळल्याशिवाय ती कला अंगात येत नाही. त्या घामाला माझा सलाम आहे, त्या पंख्याला नाही.

बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं, तिचा डावच हा. प्रत्येकाला खाली ढकलायला कुणीतरी दिलेलं असतं. तेव्हा दोस्तहो, उद्या आपल्यातल्या कुणाच्या गळ्यात हार पडला, तर टाळ्या जरूर वाजवा. पण एक प्रश्न विचारा. हा हार 'मी त्यांच्यातला नाही' हे कबूल करून मिळाला, की 'मी त्यांच्यातलाच' हे ठणकावून सांगून?