देणगी की देणे?

वाचकहो, सरकार गरिबाच्या हाताला काम देते तेव्हा ते त्याच्यावर उपकार करते, की आपले देणे फेडते? हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. कोणता शब्द निवडला यावर माणसाचा मान राहतो किंवा जातो, याची प्रचीती शास्त्राचे भाषांतर करणाऱ्याला वारंवार येते.

हिब्रू भाषेत ‘त्सदाका’ असा एक शब्द आहे. जुन्या करारात त्याचा अर्थ नीतिमत्त्व असा होतो. पुढे यहूदी लोकांत तोच शब्द दानधर्मासाठी रूढ झाला. गरिबाला देणे ही दात्याची थोरवी नसून न्यायाची पूर्तता आहे, हा विचार त्या एका शब्दात सामावला आहे. लेवीय 19 मधील नियमही असाच आहे. शेताच्या कडा मालकाने कापू नयेत आणि सरवा गोळा करू नये. तो गरिबाचा व परक्याचा भाग. रूथने बवाजाच्या शेतात सरवा वेचला तो दिवसभर राबून, आणि नियमाने तिला दिलेल्या हक्काने. श्रम आणि हक्क तेथे एकत्र नांदले.

आपल्या देशात ही सांगड बसण्यास फार काळ लागला. 1876 ते 1878 च्या दुष्काळात इंग्रज सरकारने रस्त्यांची व तलावांची कामे काढली खरी. परंतु ते काम म्हणजे भुकेची परीक्षा होती. इतक्या थोड्या मजुरीवर जो राबेल तोच खरा गरजू, असा तो हिशेब. 1877 साली मजुरी घटवली तेव्हा मुंबई इलाख्यातील हजारो मजुरांनी कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली.

बरोबर शंभर वर्षांनी, 1977 साली, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यातील सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. तो अनुभव त्यामागे होता. वि. स. पागे यांच्या विचारातून ही योजना आकाराला आली. तिच्यासाठी 1975 पासून व्यवसाय कर घेण्यात आला. मुंबईतल्या पगारदाराच्या वेतनातून कापलेली रक्कम बीडच्या बांधावर राबणाऱ्या स्त्रीच्या मजुरीस लागावी, अशी ही व्यवस्था होती. 2005 साली संसदेने हे तत्त्व देशभराच्या ग्रामीण भागासाठी स्वीकारले व प्रत्येक कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाची हमी दिली. 2025 च्या अखेरीस त्या जागी नवा कायदा संमत झाला. त्यात दिवस 125 करण्यात आले.

या साऱ्यातील मोलाचा शब्द ‘हमी’ हा आहे. हमी देणारा ऋणको होतो आणि मागणारा धनको. 2005 च्या कायद्यात 15 दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता देण्याची तरतूद होती, ती याच न्यायाने.

याने दारिद्र्य हटते काय? केवळ माती उपसून कोणी श्रीमंत झाला नाही. तथापि हाती मजुरी असली म्हणजे भाकड दिवसांत शेळी विकावी लागत नाही, सावकाराचे दार ठोठवावे लागत नाही. बांध व पाझर तलाव चांगले झाले तर पाणी जिरते आणि शेतीही सुधारते. मात्र विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे. ती खणणाऱ्या भूमिहीनाचा वाटा मजुरीबरोबरच संपतो. ही उणीव गंभीर आहे.

‘लोक आळशी होतील’ असेही म्हटले जाते. मत्तय 20 मधील द्राक्षमळ्याचा दाखला आठवावा. दिवस कलला तरी चौकात उभे असलेल्या माणसांनी रिकामे राहण्याचे कारण सांगितले ते एवढेच, की त्यांना कोणी कामावर लावले नव्हते. धन्याने ते खरे मानले.

खरा प्रश्न मजुरीच्या वेळेचा आहे. अनुवाद 24 नुसार गरीब मजुराचे वेतन सूर्य मावळण्यापूर्वी दिले पाहिजे, कारण त्याचा जीव त्यावर अवलंबून असतो. आपल्याकडे 15 दिवसांचा नियम असूनही अनेक ठिकाणी मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली. उशिरा मिळालेली मजुरी आकड्याने तेवढीच असते. परंतु तोवर हक्कदाराला हेलपाटे घालून याचक व्हावे लागलेले असते. म्हणजे ‘देणे’ पुन्हा ‘देणगी’ झाले!

म्हणून, वाचकहो, आपल्यापैकी ज्याला लिहिता येते त्याने शेजारच्या मजुराचा अर्ज लिहून द्यावा आणि तारखेसह पोच मागून घ्यावी. सरकारला दोष देण्यापूर्वी आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचे व बागेत राबणाऱ्या माणसाचे वेतन आपण कोणत्या तारखेस देतो, हेही पाहावे. त्यांच्यासाठीही सूर्य रोज मावळतो.