पुन्हा सुरू झालेले यंत्र आणि जागा झालेला जीव

रायगडाच्या पायथ्याशी वसलेल्या हिरकणीवाडीत एखाद्या घरातील संगणक सुरूच होईनासा झाला, तर त्यातील हिशेब व छायाचित्रे नष्ट झाली की केवळ दुरावली, हा प्रश्न उभा राहतो आणि तो मुळात तत्त्वज्ञानाचा आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातील विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहावे लागले. तरीही बहुतेक यंत्रांतील माहिती शाबूत होती आणि ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे यंत्र अत्यावश्यक भागांपुरतेच चालू करून, सदोष फाइल काढली की ते पूर्ववत होई.

वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात असाच प्रश्न सुषुप्तीविषयी, म्हणजे स्वप्नरहित गाढ झोपेविषयी येतो: ब्रह्मात लीन झालेला तोच जीव उठतो की दुसरा? जलाशयात पडलेला थेंब पुन्हा तोच म्हणून काढता येत नाही, हा आक्षेप त्यांचे भाष्यकार शंकराचार्य गांभीर्याने घेतात. परंतु उठलेला मनुष्य कालचे अपुरे काम पुढे नेतो आणि त्याला अनुस्मृती, म्हणजे पूर्वानुभवाचे स्मरण असते, म्हणून तो तोच, असे ते ठरवतात. हा निकष मोलाचा आहे, कारण त्यानुसार डिस्क पुसून नव्याने सजवलेला संगणक परत आलेला नसतो, तर जुनी डिस्क दुसऱ्या यंत्रात जोडली तरी काम पुढे चालते. मात्र डिस्कवर असते ती नोंद. स्मरणाला ‘हे माझे’ म्हणणारा ज्ञाता लागतो आणि तो यंत्रात नाही.